साक्षीदाराची परीक्षा

दुसऱ्याचे दोष दाखविणाऱ्याचे दोष कोणी दाखवावयाचे, हा प्रश्न संगणकशास्त्रांतही जिवंत आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८६ सालीं लिहिलेला जीडीबी हा डीबगर चालता प्रोग्राम मध्येंच थांबवून त्याच्या स्मृतींत काय आहे तें छापून दाखवितो. तोच खोटें बोलूं लागला तर?

एडा भाषेंत नोंदीची लांबी नोंदींतीलच एका आंकड्यावर ठरवितां येते: शून्य असल्यास एकही अक्षर नाहीं, दोन असल्यास दोन अक्षरें. अशा बदलत्या नोंदींची माळ केली, कीं जीनॅट हा कंपायलर प्रत्येकीस सर्वांत लांब नोंदीला पुरेल एवढी सारखी जागा राखून ठेवतो. कारण आज तोकडी असलेली नोंद उद्यां लांब होऊं शकते. आतां डीबगर नोंदीच्या प्रत्यक्ष लांबीनेंच पुढें सरकला, तर पहिली नोंद बिनचूक छापील आणि दुसरी रिकाम्या जागेंतून उचलील. सगळ्या नोंदी पूर्ण लांबीच्या घेतल्या, तर ही चूक कधींच उघडकीस येणार नाहीं. म्हणून परीक्षेंत रिकामी, एकाक्षरी, द्व्यक्षरी अशा विषम नोंदीच मांडाव्या लागतात.

आमच्या मतें खरा नैतिक प्रसंग याच्याही पुढें आहे. अपेक्षित उत्तर लिहितांना डीबगरनें छापलेलेंच उतरवून घेण्याचा मोह फार मोठा. (विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेवरून नमुना-उत्तर बनविणारे परीक्षक आम्हीं पाहिले आहेत!) तें उत्तर मूळ प्रोग्राम वाचून, डीबगर सुरू करण्यापूर्वींच लिहिलें पाहिजे. आणि दोन्ही जुळलीं नाहींत, तर आधीं संशय कोणाचा घ्यावा, येथें आमचाही निर्णय डळमळतो.