सोपवलेली ठेव

मागच्या श्रावणात जोयडा तालुक्यात रामनगरला एका ओळखीच्या घरी गेले होते. घरातल्या आजी ऐंशीच्या पुढच्या, मूळच्या सुप्याच्या. काळी नदीवर धरण झाले, सुपा गाव पाण्याखाली गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले आणि हे कुटुंब रामनगरला. चहा झाल्यावर आजींनी ट्रंकेतून एक ब्राँझचे पदक काढले.

"आमच्या आजेसासऱ्यांचं. मराठा पलटणीत होते. बसऱ्याला गेले होते लढाईला."

पदकाच्या मागे इंग्रजी अक्षरे होती. ती वाचून मी अर्थ सांगितला: सुसंस्कृतीसाठी झालेले महायुद्ध, १९१४ ते १९१९. आजी जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "ते असू दे. लढाई संपल्यावर ती जमीन कुणाची झाली गं?"

जिची स्वतःची जमीन गेली, तीच बाई असा प्रश्न विचारते. मी म्हटले, "पुढच्या खेपेला नीट सांगते."

ती हकिगत अशी. आजचा इराक तेव्हा तुर्कांच्या ताब्यात होता. नोव्हेंबर १९१४ मध्ये इंग्रजांनी तिथे फौज उतरवली. तिच्यात बहुतेक आपलेच शिपाई, आणि त्या डिव्हिजनचे नावच पुणे डिव्हिजन. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी तिच्यात होत्या. कुत या गावी ही फौज जवळजवळ पाच महिने वेढ्यात अडकली, उपाशी राहिली आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली. कैदेत कितीतरी जण वारले. पुढे नव्या फौजा आल्या, बगदाद पडले. ऑक्टोबर १९१८ च्या अखेरीस शर्कातला ११४वी मराठा पलटण लढली. ३० ऑक्टोबरला तुर्कांशी युद्धविराम झाला. आणि युद्धविराम झाल्यावर इंग्रज फौज पुढे सरकून मोसूल शहर घेऊन बसली.

शिपाई लढत होते तेव्हा साहेबलोक पत्रे लिहीत होते. १९१५ मध्ये मॅकमेहनने मक्केच्या शरीफ हुसेनला कळवले, तुर्कांविरुद्ध उठा, अरबांच्या स्वातंत्र्याला आम्ही पाठिंबा देऊ. मे १९१६ मध्ये तेच प्रदेश इंग्रजांनी आणि फ्रेंचांनी गुपचूप आपसात वाटून घेतले. २ नोव्हेंबर १९१७ ला बाल्फोरने पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला पाठिंबा जाहीर केला. अरबांनी विचारले तेव्हा उत्तर आले, पॅलेस्टाईन त्या पहिल्या पत्रात नव्हतेच. पत्राची भाषाच इतकी सैल होती, की तसे म्हणता आले.

एप्रिल १९२० मध्ये सान रेमोला वाटणी पक्की झाली. इराक आणि पॅलेस्टाईन इंग्रजांकडे, सीरिया फ्रेंचांकडे. पण याला 'राज्य' म्हणायचे नाही, 'मँडेट' म्हणायचे. राष्ट्रसंघाच्या करारात लिहिले होते की हे लोक अजून स्वतःच्या पायावर उभे राहू शकत नाहीत, त्यांचे कल्याण ही आपल्याकडे सोपवलेली पवित्र ठेव आहे. त्यांचे मत विचारात घ्यावे, असेही लिहिले होते. १९१९ मध्ये एक अमेरिकन मंडळ सीरिया-पॅलेस्टाईनमध्ये लोकांना विचारायला गेलेही. त्यांचा अहवाल तसाच बाजूला पडून राहिला.

१९२० च्या उन्हाळ्यात इराकचे लोक उठले. तो उठाव मोडायला विमानांतून बाँब टाकले, आणि हिंदुस्थानातून आणखी पलटणी नेल्या. मार्च १९२१ मध्ये चर्चिलने कैरोला बैठक घेतली. फ्रेंचांनी दमास्कसमधून हुसकावलेला फैझल तिथे इराकचा राजा म्हणून ठरला आणि २३ ऑगस्टला त्याला बगदादच्या गादीवर बसवले. राजासुद्धा बाहेरून दिलेला!

'ठेव' या शब्दापाशी मी थांबले. तत्त्वार्थसूत्रात न्यासापहार हा दोष सांगितला आहे. त्याचा अर्थ असा, की ठेवणारा माणूस विसरून कमी मागतो आणि आपण "बरोबर, एवढेच होते" म्हणून तेवढेच परत देतो. हा दोष मला चोरीच्या यादीत असेल असे वाटायचे. तो आहे सत्यव्रताच्या दोषांत. आता त्याचे कारण कळते. ठेव दाबताना हातापेक्षा जीभच जास्त काम करते. इथे तर ठेवणाऱ्याने ठेव ठेवलीच नव्हती. घेणाऱ्यानेच घेतली आणि वर तिला ठेव म्हटले.

मग त्या शिपायाचे काय? आपल्याकडे पाप तीन वाटांनी लागते: स्वतः करणे, दुसऱ्याकडून करवणे आणि केलेल्याला मनाने मान्यता देणे. लंडनने करवले, महिना ११ रुपयांच्या शिपायाने केले. त्याला त्या पत्रांची काहीच कल्पना नव्हती. घरी पैसे पाठवायचे एवढेच त्याला ठाऊक. त्याला मी दोषी म्हणू शकत नाही. पण तिसरी वाट उरते, आणि त्या वाटेवर मी उभी आहे. पदक हातात घेतल्यावर पहिल्यांदा माझ्या मनात अभिमानच आला होता.

आणखी एक सांगते. माझ्या वडिलांचे दांडेलीला किराणा दुकान होते. धरणाच्या कामगारांना माल पुरवून आमचे घर वर आले. साम्राज्य आणि धरण एका मापाने मोजता येत नाहीत. धरण आपल्याच सरकारने बांधले, आणि त्या विजेवर माझाही दिवा लागतो. पण सुपा बुडत होते त्या वर्षांत आमच्या घरी त्यावर एक शब्द कुणी काढला नाही. उलट धंदा बरा चाललाय म्हणून समाधानच होते. हे मान्यता देणे नव्हे तर काय?

दिवाळीनंतर पुन्हा गेले आणि आजींना सगळे सांगितले, दुकानाचेसुद्धा. त्या एवढेच म्हणाल्या, "म्हणजे त्यांनाबी कुणी विचारलं नाही." मग पदकावरची इंग्रजी अक्षरे नातवासाठी मराठीत लिहून मागितली. मी लिहून दिली. खाली, आजेसासरे ज्या मुलखात लढले तो कुणाचा होता, हेही लिहिले. आजींनी कागदाची घडी पदकाखाली ठेवली आणि ट्रंकेला कडी लावली.