एका रेणूची जाडी

एखाद्या वस्तूचा स्वभाव तिच्या गाभ्यात असतो, असं आपण धरून चालतो. कड म्हणजे ती वस्तू जिथे संपते ती जागा, एवढंच. मला हे पटत नाही. वस्तू जिथे संपते तिथे तिचे नियम बदलतात, आणि पुष्कळदा त्या बदललेल्या नियमांवरच आतल्या सगळ्याचं भवितव्य ठरतं.

पाण्यात खोलवर असलेल्या रेणूला चहूबाजूंनी शेजारी असतात, त्यामुळे कुठल्याच एका बाजूची ओढ वरचढ होत नाही. पृष्ठभागावरच्या रेणूला वरून ओढणारं जवळजवळ कुणी नसतं. तो आत खेचला जातो, आणि पृष्ठभाग शक्य तितका आक्रसू पाहतो. हा पृष्ठताण. समुद्राच्या हिशेबात तो नगण्य असतो. पण पाणी जितक्या लहान जागेत विभागलं जातं, तितका त्यातला पृष्ठभागाचा वाटा वाढत जातो आणि शेवटी सत्ता त्याच्याच हाती येते.

ही सत्ता नीट मोजायची रीत एका घरातल्या स्वयंपाकघरात सापडली. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावी राहणारी आग्नेस पोकेल्स 1862 सालची. विद्यापीठांची दारं तेव्हा तिथल्या मुलींना बंद होती. धाकटा भाऊ फ्रीडरिख ग्योटिंगेनला भौतिकशास्त्र शिकत होता, त्याच्याकडून पुस्तकं यायची. बाकी घरकाम आणि आजारी आईवडील तिच्यावर. तिने 70 सेंटिमीटर लांब, 5 सेंटिमीटर रुंद आणि 2 सेंटिमीटर खोल असं पत्र्याचं भांडं घेतलं, काठोकाठ पाण्याने भरलं आणि त्यावर पत्र्याचीच एक पट्टी आडवी ठेवली. पट्टी सरकवली की एका बाजूचा पृष्ठभाग लहान होई, दुसऱ्या बाजूचा मोठा. तराजूला टांगलेलं छोटं बटण पाण्याला टेकवायचं आणि ते सुटायला किती जोर लागतो ते पाहायचं. तिला दिसलं, की तेलकट झालेला पृष्ठभाग आक्रसत नेला तर ताण बराच वेळ जवळपास तसाच राहतो, आणि एका ठरावीक क्षेत्रफळाच्या खाली गेलं की झपाट्याने उतरतो. तिथे तेलाचे रेणू एकमेकांना खेटून उभे राहिलेले असतात, एकाच थरात, हा उलगडा पुढे झाला.

जानेवारी 1891 मध्ये तिने हे सगळं इंग्लंडमधले भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्राने कळवलं. त्यांच्या पत्नीने जर्मनचं इंग्रजी केलं, रॅले यांनी ते 'नेचर' या विज्ञानपत्रिकेकडे पाठवलं आणि मार्चमध्ये ते छापून आलं. त्याच धाटणीच्या उपकरणाला सुधारून काम करणाऱ्या अर्विंग लँगम्यूर यांना 1932 मध्ये नोबेल मिळालं. त्याच साली ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने आग्नेसबाईंना मानद डॉक्टरेट दिली. वयाच्या सत्तरीत.

आता फुप्फुसांकडे येऊ. त्यांत कोट्यवधी वायुकोश असतात आणि प्रत्येकाला आतून ओलाव्याचा पातळ थर असतो. म्हणजे प्रत्येक कोश एका अर्थी बुडबुडाच. बुडबुड्याचा नियम कठोर आहे: त्रिज्या निम्मी झाली की आतला जादा दाब दुप्पट. म्हणून लहान बुडबुडा आपली हवा मोठ्याला देऊन मिटून जातो. नुसतं पाणी असतं तर श्वास सोडताना लहान कोश असेच मिटत गेले असते.

1929 साली स्वित्झर्लंडमध्ये कुर्ट फॉन नेरगार्ड यांनी डुकराची फुप्फुसं आधी हवेने आणि मग द्रवाने फुगवून पाहिली. द्रवाने ती कितीतरी सहज फुगली. द्रव भरला की हवा-पाण्याची सीमाच उरत नाही. म्हणजे फुप्फुसांच्या आक्रसण्यात मोठा वाटा ऊतींच्या लवचीकपणाचा नसून पृष्ठताणाचा होता. नवजात बाळाच्या पहिल्या श्वासाशी याचा संबंध असावा, हेही त्यांनी लिहिलं. त्यानंतर जवळपास पंचवीस वर्षं कुणी फारसं लक्ष दिलं नाही. मला हे फार लागतं. त्या काळात श्वास न पुरून दगावलेल्या नवजात बाळांची फुप्फुसं कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली जात होती. पण कापलेल्या ऊतीत हवा आणि पाणी यांच्यामधली ताणलेली सीमा दिसायची कशी? जे दिसत होतं त्यातच कारण शोधलं गेलं.

1955 मध्ये इंग्लंडमधल्या पॅटल यांच्या लक्षात आलं, की फुप्फुसांतून निघालेल्या फेसाचे बुडबुडे विलक्षण टिकाऊ आहेत. दोनच वर्षांनी अमेरिकेत जॉन क्लेमंट्स यांनी फुप्फुसांचा अर्क आग्नेसबाईंच्या भांड्याच्या वारसावर पसरला. पृष्ठभाग आक्रसला की ताण कोसळे, पसरला की पुन्हा चढे. लहान होणाऱ्या कोशाला मिटू न देणारी युक्ती ती हीच, आणि ती करणाऱ्या पदार्थाचं नाव सरफॅक्टंट. 1959 मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवलं, की श्वास न पुरून गेलेल्या कमी दिवसांच्या बाळांच्या फुप्फुसांत नेमका तोच अपुरा होता. अशा बाळाला प्रत्येक श्वास नव्या फुग्यात मारलेल्या पहिल्या फुंकीइतका जड पडतो. ते दमून जातं.

कारण कळलं तरी हाती उपाय नव्हता. ऑगस्ट 1963 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि 39 तासांत गेला. पुढे अशा बाळांच्या फुप्फुसांत सरफॅक्टंटमधला मुख्य मेद फवारून पाहिला गेला, त्याने काम झालं नाही. कारण हा थर एकदा लावला आणि संपलं, असा नसतो. श्वास सोडताना तो दाबला जातो, घेताना क्षणात पुन्हा पसरावा लागतो, आणि त्यासाठी मेदाबरोबर काही प्रथिनंही लागतात. 1980 मध्ये जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसांपासून तयार केलेलं सरफॅक्टंट 10 बाळांच्या श्वासनलिकेत सोडलं, आणि बाळं सुधारली. तोवर न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हाउवी यांनी दुसरी वाट शोधली होती: आईलाच स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायचं, म्हणजे पोटातल्या बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात.

अपुऱ्या दिवसांत कळा सुरू झाल्या की आपल्याकडेही डॉक्टर तेच इंजेक्शन देतात. जन्मलेल्या बाळाला नळीतून द्यायचं सरफॅक्टंट महाग आहे. हे इंजेक्शन अगदी स्वस्त. मात्र त्याचा पुरता परिणाम व्हायला साधारण एक दिवस लागतो, आणि तेवढ्या आधी बाईला दवाखान्यात पोचवणारी गाडी दारात उभी असावी लागते.