समीकरणात न मावणारा ‘आत्ता’

मिकेले बेसो मार्च १९५५मध्ये गेले. विद्यार्थिदशेपासूनचे हे आइनस्टाइनचे जिवलग. १९०५च्या सापेक्षतेवरील लेखात त्यांनी नाव घेऊन आभार मानले ते फक्त बेसोंचे. घरच्यांना लिहिलेल्या सांत्वनपत्रात आइनस्टाइननी भूत, वर्तमान आणि भविष्य यांतला भेद हा एक चिवट भ्रम ठरवला. पुढच्याच महिन्यात, १८ एप्रिलला, तेही गेले.

हे नुसतं सांत्वन नव्हतं; त्यामागे गणित होतं. १९०८मध्ये हर्मान मिन्कोव्स्कींनी अवकाश आणि काळ एकाच चौमितीय रचनेत गुंफले. त्या रचनेत प्रत्येक घटना आपल्या ठिकाणी असते; सरत काहीच नाही. दूरदूरच्या दोन घटना एकाच वेळी घडल्या की नाही, हे पाहणाऱ्याच्या गतीवर ठरतं. मग साऱ्या विश्वाचा मिळून एक वर्तमान क्षण उरतो कुठे? आणि हे कागदावरचं नाही. जीपीएस उपग्रहांवरची घड्याळं वेगामुळे दिवसाला सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात आणि वर गुरुत्वाकर्षण क्षीण असल्यामुळे ४५ पुढे जातात. उरलेल्या ३८ मायक्रोसेकंदांत प्रकाश ११ किलोमीटर कापतो, म्हणून ती तफावत हिशेबात धरावीच लागते.

गणित मला मान्य आहे, ‘भ्रम’ मान्य नाही. चहात विरघळलेली साखर पुन्हा दाणेदार होऊन तळाशी का बसत नाही, हे भौतिकशास्त्रज्ञ बोल्ट्झमन यांच्या संख्याशास्त्रातून कळतं. त्यातून काळाची दिशा कळते, पण आज आपण त्या वाटेवर नेमके कुठे आहोत, हे त्यातही नाही. तत्त्वज्ञ रुडॉल्फ कार्नाप यांनी लिहून ठेवलंय की ‘आत्ता’चा हा प्रश्न आइनस्टाइननाही छळत असे, तो विज्ञानाच्या कवेत येत नाही, याची त्यांना खंत होती. मला ही खंत त्या पत्राहून अधिक खरी वाटते.

कारण सिद्धांताची परीक्षा होते ती कुणाच्या तरी ‘आत्ता’तच. २९ मे १९१९ला खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन प्रिन्सिपे बेटावर आभाळाकडे डोळे लावून होते. ढग हटेनात, आणि खग्रास स्थिती जेमतेम पाच मिनिटांची. शेवटी ढग थोडे विरळ झाले आणि छायाचित्रांच्या मोजक्या काचांवर तारे उमटले. सूर्याजवळून येणारा प्रकाश वाकतो, या आइनस्टाइनच्या भाकिताला त्या काचांचा आधार मिळाला. ती घालमेल भ्रम मानायची, तर त्या पाच मिनिटांत टिपलेल्या ताऱ्यांवर तरी विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा?