देणाराचा हात व घेणाराचा मान

आमच्या मंडळींतील एक तरुण बाहेरगांवीं महाविद्यालयांत शिकत असतो. गेल्या हिंवाळ्यांत त्याच्या महाविद्यालयाचें सेवाशिबिर मानवत तालुक्यांतील एका खेड्यांत भरलें होतें. शिबिर आटोपल्यावर तो रविवारच्या उपासनेस आला, आणि लोक पांगल्यावर मागें थांबून त्यानें आम्हांस विचारलें, "पाळकसाहेब, गुणांसाठीं केलेली सेवा देवापुढें सेवा ठरते काय?" प्रश्न लहान दिसतो, परंतु त्या दिवशीं आम्हांस त्याचें उत्तर नीट देतां आलें नाहीं. पुढें पुष्कळ दिवस तो आमच्या मनांत घोळत राहिला, म्हणून वाचकांपुढें मांडीत आहों. आमच्या खेड्यांतून शिकावयास गेलेलीं मुलें आतां थोडीं नाहींत, आणि जेथें अशीं शिबिरें येतात तीं खेडींही आमचींच आहेत. तेव्हां देणारे व घेणारे ह्या दोघांच्याही बाजूनें हा विचार आम्हांस करणें प्राप्त आहे.

ज्यांस ह्या योजनेची माहिती नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, म्हणजे १९६९ सालच्या सप्टेंबरच्या २४ तारखेस, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. आरंभीं ३७ विद्यापीठें व सुमारें ४०,००० विद्यार्थी तींत होते. आज ती देशभर पसरली आहे. विद्यार्थ्यानें दोन वर्षांत २४० तास समाजाचें काम करावें, आणि एकदां सात दिवस एखाद्या खेड्यांत राहून श्रमदान करावें, असा नियम आहे. काम पुरें झालें म्हणजे प्रमाणपत्र मिळतें. अलीकडे, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर, समाजांत जाऊन केलेलें काम श्रेयांकांत मोजून पदवीच्या हिशेबांत धरण्याची रीतही पडली आहे. ह्याप्रमाणें दया आतां वहींत लिहिली जाते, तिचे तास मोजले जातात, खालीं सही होते. तरुणाच्या मनाला टोंचणी लागली ती येथेंच, असें आम्हांस प्रथम वाटलें.

म्हणून आमचें पहिलें उत्तर उतावळेपणाचें झालें. डोंगरावरील प्रवचनांत दानधर्म गुप्तपणें करावा, एका हाताचें दुसऱ्या हातास कळूं देऊं नये, असें जें प्रभूनें शिकविलें तें आम्हीं त्यास सांगितलें. तरुण उगाच राहिला. घरीं गेल्यावर मात्र आमचें बोलणें आम्हांसच लाजिरवाणें वाटूं लागलें. आम्ही सेमिनरींत असतां दर शनिवारीं आम्हांस जवळच्या खेड्यांत पाठवीत. किती घरें फिरलों, किती आजाऱ्यांस भेटलों, हें सोमवारीं वहींत लिहून गुरुजींस दाखवावें लागे. एखादें घर वाढवून लिहिण्याचा मोह आम्हांस झाला नाहीं असें नाहीं. तरी त्या वहीच्या धाकानें कां होईना, ज्या आजाऱ्याच्या खाटेपाशीं आम्ही प्रथम नाइलाजानें बसलों, त्याच्याकडे पुढें कोणी न पाठवितां जाऊं लागलों. प्रभूच्या दाखल्यांतील दोन मुलांपैकीं एक द्राक्षमळ्यांत जाण्यास नाहीं म्हणाला व मागून गेला. दुसरा हो म्हणाला व गेलाच नाहीं. बापाची इच्छा कोणी पाळली हें प्रभूनें ऐकणारांकडूनच वदविलें.

शिवाय ज्या गल्लींत सांडपाणी तुंबून डांस होत, तेथें ह्या मुलांनीं शोषखड्डे खणले. खणणाराचा हेतु शुद्ध कीं मिश्र हें खड्डा विचारीत नाहीं. पाणी जिरतें, आणि त्या घरचीं लेंकरें रात्रीं थोडीं सुखानें निजतात. हेतूचा निवाडा करणारा आहे, व तो आम्ही नव्हे. तेव्हां पुढच्या रविवारीं आम्हीं त्यास सांगितलें कीं, गुण मिळत असतील तर घे. त्यांत पाप नाहीं. गवंड्यानें मजुरी घेतली म्हणून त्यानें बांधलेली भिंत अपवित्र होत नाहीं.

तेव्हां तो म्हणाला, "पाळकसाहेब, माझ्या मनांत निराळेंच आहे," आणि मग त्यानें सगळी हकीकत सांगितली.

शिबिरापूर्वीं महाविद्यालयाच्या आवारांत घरोघरचे वापरलेले कपडे व चादरी गोळा केल्या होत्या. चौथ्या दिवशीं गांवच्या शाळेपुढें त्या वांटण्याचा समारंभ झाला. मागें मोठा फलक लावला होता. नांव पुकारलें कीं एकेकीनें पुढें यावें, पाहुण्यांच्या हातून वस्त्र घ्यावें, आणि छायाचित्र निघेपर्यंत तें वस्त्र दोघांनीं तसेंच धरून उभें राहावें, अशी व्यवस्था होती. एका म्हाताऱ्या विधवेनें लुगडें घेतलें व पदर तोंडावर ओढला. तिला पदर मागें घेण्यास सांगितलें. तिनें घेतला. मग फलकावरील अक्षरें नीट आलीं नाहींत म्हणून पुन्हां उभें केलें. तेव्हां ती म्हणाली, "फोटू कामून काढता बाबा? म्या काय चोरी केली का?" मुलें हंसलीं. हा तरुणही हंसला. आणि तेंच त्यास पुढें झोंप येऊं देईना.

गुणांच्या लोभानें सेवा करणारा आपल्या आत्म्याचें नुकसान करील तर करील. तें त्याच्यामध्यें व देवामध्यें आहे. परंतु ह्या समारंभांत दानाची किंमत घेणाऱ्या बाईकडून वसूल केली गेली. लुगडें फुकट नव्हतें. तिनें आपलें तोंड देऊन तें विकत घेतलें, आणि आमच्या आठवडी बाजारांत जुन्या लुगड्यास इतकी किंमत कोणी मागत नाहीं.

मानवतच्या लोकांस तरी ही गोष्ट फोड करून सांगावी लागूं नये. आमचें हें कापसाच्या व्यापाराचें गांव. रेल्वेच्या स्थानकाचें नांव 'मानवत रोड', व गांव तेथून कांहीं मैल दूर. त्यामुळें पुष्कळ प्रवाशांनीं पाटी वाचली आहे, गांव पाहिलें नाहीं. तशांत १९७२ ते १९७४ च्या दरम्यान गुप्तधनाच्या लोभानें व अंधश्रद्धेनें येथें ज्या हत्या झाल्या, त्यांमुळें उभ्या महाराष्ट्रानें आमच्या गांवाचें नांव ऐकलें. पन्नास वर्षें होऊन गेलीं. तरी परमुलखांत कोणी 'कोठले' म्हणून विचारावें, आणि उत्तर ऐकतांच त्याच्या भुंवया चढाव्यात, हें आम्हीं अनुभविलें आहे. येथें ज्यांनीं सचोटीनें दुकानें चालविलीं, शेतें कसलीं, पोरें शिकविलीं, त्यांचें चित्र कोणी काढलें नाहीं. गांवास त्याच्या सर्वांत वाईट दिवसावरून ओळखलें जाणें काय असतें हें आम्ही जाणतों. मग त्या म्हातारीस तिच्या आयुष्यांतील एका गरजेच्या क्षणावरून ओळखलें जावें काय? नवऱ्यामागें तिनें घर कसें चालविलें, किती लेंकरें वाढविलीं, कोणाकोणाचीं बाळंतपणें केलीं, ह्यांतलें त्या चित्रांत कांहीं नाहीं. चित्रांत एक हात देत आहे व एक हात घेत आहे, इतकेंच.

परंतु परक्याच्या अंगणांतील केर दाखविण्यापूर्वीं आपलें घर झाडलें पाहिजे. १८९६-९७ च्या व पुन्हां १८९९-१९०० च्या दुष्काळांत मिशनांनीं अनाथ मुलें गोळा करून वांचविलीं. केडगांवच्या पंडिता रमाबाईंच्या मुक्ति मिशनची वाढ त्याच काळांतली. तें काम थोर होतें, व आमच्यांतील कित्येक कुटुंबें त्या मुलांचींच वंशज आहेत. तथापि हाडांचे सांपळे झालेल्या अशा मुलांचीं छायाचित्रें त्या वेळीं परदेशच्या मिशन-पत्रांत छापलीं जात, आणि तीं पाहून पैसे येत. पैसे आले म्हणून मुलें जगलीं हें खरें. जगून मोठ्या झालेल्या त्या माणसांस, आपली तशी छबी जपून ठेवलेली आवडली असती काय, हा प्रश्न मात्र आम्ही सहसा विचारीत नाहीं. आणि इतकें मागें कशाला जावें? नाताळास आमच्या मंडळींत गरीब विधवांस लुगडीं वांटतात, तेव्हां आम्हीही त्यांना ओळीनें उभें करीत आलों आहों. मोबाइल आतां प्रत्येकाच्या हातीं आहे. गेल्या नाताळचीं चित्रें देणगीदारांस पाठविलीं तीं आम्हींच.

दानाची एक निराळी रीत शास्त्रांत आहे, आणि आमच्या कापूस-ज्वारीच्या मुलखास ती समजण्यास सोपी आहे. शेताचे कोपरे कापूं नयेत, गळालेलें वेंचूं नये, तें गरिबासाठीं व परक्यासाठीं राहूं द्यावें, असें मोशेच्या नियमांत आहे. त्या आधारावर रूथ बवाजाच्या शेतांत सरवा वेंचावयास गेली. बवाजास तिची कींव आली. त्यानें तिला जेवणाच्या वेळीं आपल्या माणसांत बसवून खाऊं घातलें, आणि ती उठून पुन्हां कामास लागल्यावर गड्यांस सांगून ठेविलें कीं, पेंढ्यांतून थोडें मुद्दाम गळूं द्या, व तिला टाकून बोलूं नका. संध्याकाळीं रूथेनें सासूपुढें जें धान्य ठेविलें तें तिच्या हातानें वेंचलेलें व झोडलेलें होतें. कांहीं कणसें आपणहून गळलीं, कांहीं गाळलीं गेलीं. त्यांतलीं कोणतीं कोणतीं हें निवडण्याची पाळी तिच्यावर कोणी आणली नाहीं. आमच्याकडे कापसाची शेवटची वेंचणी झाल्यावर रानांत जें उरतें तें वेंचणाऱ्या बायकांस विचारा. सरव्याचें ओझें डोकीवर असलें तरी मान ताठ असते.

हें ऐकून तरुणानें चांगला आक्षेप काढला. तो म्हणाला, "फोटो नसला तर देणाऱ्यानें विश्वास कशावर ठेवावा? कितीतरी ठिकाणीं वस्तु मधल्यामध्येंच जिरतात." हें खोटें नाहीं, आणि हिशेब मागणें हा देणाराचा हक्कच आहे. परंतु थोडा विचार केला तर मौज दिसते. अविश्वास आहे तो मधल्या लोकांवर; म्हातारीवर कोणाचा अविश्वास नाहीं. मग मधल्या लोकांस सोडून म्हातारीचेंच चित्र कां काढावें? दुकानाची पावती, वांटपाची यादी, चार पंचांच्या सह्या, ह्यांनीं हिशेब पुरा होतो. आणि खरें म्हटलें तर चित्रावरून दान पोंचलें एवढेंच कळतें. उपयोगीं पडलें कीं नाहीं हें कळत नाहीं. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरांतून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेस पडून राहिले होते. कोळी बायकांस त्यांचा उपयोग नव्हता. कोणी त्यांस आधीं विचारलेंच नव्हतें.

विचारणें म्हणजे थोडें मागणेंच होय, आणि मागण्यास आजचे विद्यार्थी लाजतात. वास्तविक आमच्या महाराष्ट्रांत विद्यार्थी हा देण्याबद्दल कधींच प्रसिद्ध नव्हता! कोणी माधुकरी मागे, कोणी वार लावून सात घरीं सात दिवस जेवी. ही सोय सर्व जातींच्या मुलांस नव्हती, हें विसरतां कामा नये. त्यांच्यासाठीं कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली व पुढें साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचें वसतिगृह चालविलें, आणि तेथील पोरांच्या पोटासाठीं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनीं अंगावरचे दागिने मोडले. ज्यानें असें अन्न खाल्लें तो खेड्याकडे वरून पाहूं शकत नसे. आमचा प्रभूही शोमरोनांत याकोबाच्या विहिरीवर बसला तेव्हां देण्याजोगें सर्व त्याच्यापाशीं होतें. तरी त्या बाईशीं त्याचें पहिलें बोलणें पाणी मागण्याचें झालें. परभणीच्या कृषि विद्यापीठांतील शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांस कांहीं काळ खेड्यांत शेतकऱ्याबरोबर काम करावें लागतें. तेथें मुलगा शिकावयास आला आहे असें निदान कागदावर तरी म्हटलेलें असतें, आणि शेतकरी त्यास चुका दाखवूं शकतो. सेवाशिबिरांस ह्यांतून घेण्याजोगें आहे असें आम्हांस वाटतें.

तरुणाच्या हकीकतींत एक गोष्ट राहिली. सहाव्या दिवशीं खड्ड्याचें काम त्याच म्हातारीच्या भिंतीलगत चाललें होतें. दुपारीं ती ज्वारीच्या भाकरी, ठेचा व कांदा घेऊन आली. शिबिराचें जेवण शाळेंत शिजत होतें. तरी मुलें तेथेंच बसलीं व जेवलीं. तिनें एकेकास विचारलें, तू कोणाचा, कोणच्या गांवचा, माय-बाप काय करतात. ह्यानें परवांच्या हंसण्याची क्षमा मागावी म्हटलें, पण तोंडांतून शब्द निघेना. त्यानें आणखी अर्धी भाकर मागितली. ती वाढतांना हंसली. महाविद्यालयाच्या अहवालांत कपडे किती, चादरी किती, खड्डे किती, हें सर्व लिहिलें आहे. भाकरीस त्यांत रकाना नव्हता.

ह्या नाताळच्या लुगड्यांविषयीं आमच्या पंचांत बराच वाद झाला. मंडळींतील दोन वडील बायांनीं संध्याकाळीं घरोघरीं जाऊन तीं द्यावीं, चित्र काढूं नये, आणि यादी व दुकानाची पावती पंचांच्या सह्यांनिशीं पाठवावी, असें शेवटीं ठरलें. खजिनदारांचें मत विरुद्ध पडलें. चित्र न गेल्यास पुढल्या वर्षींची देणगी बंद होईल, असें त्यांचें म्हणणें आहे, व तसें झाल्यास थंडी त्या विधवांसच सोसावी लागेल. त्यांचें भय निराधार आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं. देणगीदारांस आम्हीं सविस्तर पत्र लिहिलें आहे. उत्तर अद्यापि आलेलें नाहीं.