चार वर्षे, चार महिने, चार दिवस

माझ्या नातवाची बिस्मिल्ला आम्ही घरातच केली. चार वर्षे, चार महिने आणि चार दिवस असा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशोब. हा काही शरियतचा हुकूम नव्हे, हिंदुस्थानातल्या मुसलमानांनी जपलेला एक गोड रिवाज. मौलवीसाहेबांनी मुलाला जवळ घेतले, बिस्मिल्ला वदवून घेतली. त्याने अर्धी म्हटली, अर्धी गिळली आणि बत्ताशांच्या ताटाकडे हात केला. पाच मिनिटांत सोहळा आटोपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सूनबाईला म्हटले, "बेटा, आता शाळेचं बघायला हवं."

ती म्हणाली, "अब्बा, बिस्मिल्ला झाली म्हणजे शिकायला सुरुवात झालीच की. सहा वर्षांचा होईपर्यंत मी त्याला कुठं घालणार नाही. घरीच शिकेल."

मी उभा जन्म जिल्हा परिषदेचा मास्तर. मूळचा देशावरचा, नोकरीसाठी ठाणे जिल्ह्यात आलो. २०१४ साली जिल्हा विभागून पालघर वेगळा झाला तेव्हा निवृत्तीच्या उंबरठ्यावर होतो. अखेर सातपाटीतच घर केले. दर जूनमध्ये पटनोंदणीसाठी दारोदार हिंडलो. कधी जाळी विणणाऱ्यांच्या घोळक्यात जाऊन बसलो, कधी बोंबील वाळत घालणाऱ्या बायांच्या विनवण्या केल्या, "पोराला शाळेत पाठवा हो" म्हणून. आपल्या समाजात तर हा विषय माझ्या फारच जिव्हाळ्याचा. २००६ साली सच्चर समितीचा अहवाल आला. सहा ते चौदा वयाच्या मुस्लिम मुलांपैकी पंचवीस टक्के मुले एकतर शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा मधूनच गळाली, असे त्यात नोंदले होते. तो आकडा मी कित्येक सभांतून सांगितला आहे. आणि आता माझ्याच घरातले, दोन्ही वेळ पोटभर जेवणारे, शिकलेल्या आईचे मूल घरी राहणार!

रागाच्या भरात मी तिला लागेल असे बोललो. ती डी.एड. आहे, भरतीची वाट पाहण्यात तिची उमेदीची वर्षे गेली. मी विचारले, "नोकरी मिळाली असती तर हेच बोलली असतीस?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मिळाली असती तर मी दुसऱ्यांच्या मुलांना शिकवायला गेले असते, आणि माझा सकाळी पावणेसातला व्हॅनमध्ये झोपला असता. ते तुम्हाला चाललं असतं ना?"

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. गल्लीतून पालघरच्या बालवर्गांना जाणारी मुले मी रोज पाहतो. पाठीवर दप्तर, गळ्यात ओळखपत्र आणि डोळ्यांत झोप. 'किंडरगार्टन' या शब्दाचा अर्थ मुलांचा बगीचा. १८४० साली जर्मनीत फ्रोबेलने तो रूढ केला. त्या बागेत शिरण्यासाठी आपल्याकडे चार वर्षांच्या पोराची मुलाखत होऊ लागली, इतकी की २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात तिला मनाई करणारे कलम घालावे लागले.

तरीही महिना-दोन महिने मी नुसता पाहत राहिलो. घरात वेळापत्रक असे नव्हतेच. मुलगा जागा होईल तेव्हा उठे. आईबरोबर तांदूळ निवडे, खडे वेगळे करून दहा-दहाचे ढीग लावी. दुपारी गोष्ट. गोष्ट कधी दखनीत, कधी मराठीत आणि शेजारच्या आजीने सांगितली तर इथल्या मांगेली बोलीत. असरनंतर मी त्याला बंदरावर नेई. सातपाटीच्या खाडीत गाळ साचलेला, त्यामुळे बोटींना आत यायला भरतीची वाट पाहावी लागते. पोराने एके दिवशी विचारले, "दादा, काल बोटी आल्या तेव्हा आपण इथंच होतो. आज अजून का नाही आल्या?" भरती रोज साधारण पन्नास मिनिटे पुढे सरकते, हे मी त्याला सांगितले नाही. शेजारच्या म्हाताऱ्या तांडेलाने सांगितले, तेही बोटांवर तिथी मोजून. उधाणाची भरती कधी, भांगाची कधी, हे सगळे त्याच्या बोटांच्या पेरांवर. पुढे रमजानचा चाँद दिसला, त्या दोन दिवसांत उधाण आले आणि पोराने जाहीर केले, "चाँद नवा झाला की पाणी मोठं होतं." माझ्या नोकरीत मी 'भरती-ओहोटी' हा पाठ किती वर्षे शिकवला! अमावास्या-पौर्णिमेचे उधाण मुलांकडून घोकून घेतले. पण अमावास्येनंतरचा आपला चाँद आणि कोळ्यांची तिथी एकाच पाण्याचा हिशोब ठेवतात, हे मला कधी सुचले नाही.

तेव्हा मी जुनी पुस्तके काढली. आपल्याकडे 'तालीम' म्हटले की छडी आणि पाठांतर आठवते. बुजुर्गांचे म्हणणे मात्र निराळे आहे. इमाम गजाली अकराव्या शतकातले, कडक शिस्तीचे आलिम. पण 'इह्या-उल-उलूम'मध्ये ते सांगतात की मक्तबातून सुटलेल्या मुलाला चांगले खेळू द्यावे. खेळ तोडून त्याला सतत अभ्यासाला जुंपले तर त्याचे मन मरते, बुद्धी बोथट होते आणि ते पळवाटा शोधायला लागते. चौदाव्या शतकात इब्ने खल्दूनने 'मुकद्दिमा' लिहिला. त्यात विद्यार्थ्यांशी, विशेषतः लहानग्यांशी कठोरपणे वागण्याच्या तोट्यांवर अख्खे प्रकरण आहे. धाकात वाढलेले मूल आळशी होते आणि खोटे बोलायला शिकते, असे त्याचे निरीक्षण. हदीसमध्ये तर नमाज सांगायचे वयसुद्धा सात वर्षे आहे. त्याच हदीसमधली दहाव्या वर्षाची सक्ती आपल्या लोकांना तोंडपाठ असते. सातच्या आधी मुलावर काहीच लादलेले नाही, हे कुणी बोलत नाही. रसूलुल्लाह (स.) सजद्यात असताना नातू पाठीवर चढला, तर त्यांनी सजदा लांबवला. अबू उमैर नावाच्या पोराला ते त्याच्या चिमण्या पाखराची खुशाली विचारत. या हकीकती आपण मिलादच्या मजलिसीत ऐकतो, सुबहानल्लाह म्हणतो आणि घरी येऊन पोराला दरडावतो.

इथे माझे एक जुने पाप सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट. किनाऱ्यालगतच्या एका शाळेत पहिलीतला एक मुलगा रोज अकराला उगवायचा. मी एकदा त्याला छडी मारली आणि दाराबाहेर उभे केले. त्याची आई पहाटे मासळीची टोपली घेऊन बाजाराला जाई आणि ती परत येईपर्यंत हा धाकट्या बहिणीला सांभाळत बसे, हे मला नंतर कळले. पण तोवर त्याने शाळा सोडली होती. माझ्या हजेरीपटावर त्याच्या नावापुढे बरेच दिवस गैरहजेरीच्या खुणा पडत राहिल्या. मग नाव कमी केले.

सूनबाईची पद्धत मला पटू लागली, पण तो मुलगा काही डोळ्यांपुढून हलेना. माझ्या नातवाला मिळणारी ही निवांत सकाळ कशातून येते? मुलाचा बोईसरच्या कारखान्यातला पगार, माझे निवृत्तिवेतन आणि शिकलेल्या आईचा सबंध दिवस. पहाटे चारला बंदरावर जाणाऱ्या बाईने आपल्या पोराला घरी काय शिकवावे आणि कधी? घरच्या शिक्षणाचे गोडवे गाणारे लोक घर म्हणजे काय, हे गृहीत धरून बोलतात. शिवाय ज्यांना मुलाचे शिक्षण कळते त्यांनीच सार्वजनिक शाळा-बालवाड्यांतून आपली मुले काढून घेतली, तर तिथे उरलेल्यांसाठी भांडणार कोण? इंग्रजी शाळेच्या व्हॅनने जे केले तेच आपण प्रेमाच्या नावाने करतो आहोत, असे मला वाटू लागले.

या प्रश्नाशी झुंजलेली दोन माणसे आमच्याच जिल्ह्यात होऊन गेली. पालघरहून गाडीत बसले की बोईसर, वाणगाव, डहाणू रोड आणि मग घोलवड. तिथून बोर्डी जवळ. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केले होते, मुंबईत दादरला शिशुविहार उभा केला होता. मुलाला मोकळे सोडा, त्याच्या हाताला काम द्या, भीती घालू नका, हे सगळे त्यांनी सुखवस्तू घरांतल्या मुलांबाबत सिद्ध करून दाखवले होते. एखादी असती तर तेवढ्यावर समाधान मानून राहिली असती. त्यांना मात्र हे खेड्यातल्या, गरिबाच्या मुलाला का मिळू नये, हा प्रश्न स्वस्थ बसू देईना. सोबत अनुताई वाघ आल्या. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य, तरी जिद्दीने शिकून शिक्षिका झालेल्या. १९५७ च्या सुमाराला काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत गेले.

बालवाडी उघडली तरी मुले येईनात. कुणाला गुरे राखायची, कुणाला धाकटे भावंड कडेवर. म्हणजे माझ्या त्या मुलाचीच गोष्ट. फरक इतकाच की मी छडी उचलली आणि या दोघींनी शाळाच उचलली. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात जाईल. म्हणून अंगणवाडी. गुरांमागे गेलेल्यांसाठी कुरणातच शाळा. भावंडांसाठी पाळणाघर. माँटेसरीच्या महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, पाने, खडे. १९७५ साली सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि आज देशभर जी अंगणवाडी आहे तिने हेच नाव उचलले. पुढे त्या नावातला खेळ मागे पडला आणि पोषण आहार, वजने, लसीकरण, सर्वेक्षणे यांची दफ्तरे तेवढी फुगली, हा वेगळा विषय. सेविकेला मी दोष देत नाही. एका बाईने किती कामे करायची?

मी हे सगळे सूनबाईपुढे ठेवले. म्हटले, "तुझं शिकवणं चूक नाही. दार लावून शिकवणं मला पटत नाही."

तिने दार उघडले, हे सांगायला सोपे आहे. प्रत्यक्षात कटकटी झाल्या. आधी शेजारचे एक पोर ओटीवर येऊन बसू लागले, मग तीन, मग सहा. मासळी विकायला जाणाऱ्या एका बाईने मुलगी ठेवताना विचारले, "इथला दाखला मिळतो का?" आम्ही नाही म्हटले. तिचा चेहरा उतरला. आम्हाला खेळ दिसत होता, तिला कागद हवा होता. आणि त्यात तिचे काय चुकले? २०१९-२० च्या हिवाळ्यात आपल्या किती घरांत शाळा सोडल्याचे दाखले पेट्यांतून बाहेर निघाले, ते आठवा. आजोबांचा दाखला सापडला म्हणून शुक्राने अदा करणारी माणसे मी पाहिली आहेत. घरी शिकण्याची चैन करणाऱ्याने हे विसरू नये की गरिबाला आणि मुसलमानाला रजिस्टरातली एक ओळ कधी कधी शिक्षणाहून जास्त उपयोगी पडते. सक्तीचा कायदा सहाव्या वर्षापासून आहे आणि नातवाचे नाव वेळेवर शाळेत लागेल, हे मी सूनबाईकडून वदवून घेतले आहे. त्या बाबतीत मी मास्तरच राहणार.

दुसरी कटकट आपल्याच माणसांची. एका नातेवाइकाने विचारले, "कोळ्यांची पोरं घरात, दीन कधी शिकणार?" सोलापूरच्या १९९० च्या पहिल्या मुस्लिम मराठी साहित्य संमेलनापासून आपण शिक्षणाच्या माध्यमावर, उर्दू की मराठी की इंग्रजी यावर, वाद घालत आलो. पण मूल कुणाच्या शेजारी बसून शिकणार, हा प्रश्न मला भाषेहून मोठा वाटू लागला आहे. घरी शिकवण्यातला खरा धोका मला तिथे दिसतो. पोर अडाणी राहील याची मला भीती नाही. ते फक्त आपल्यासारख्यांनाच ओळखेल, ही भीती आहे. आज वस्त्या वेगळ्या, मोहल्ले वेगळे. चार वर्षांच्या पोराला एवढे तरी मिळावे की भूक लागल्यावर शेजारच्याच्या डब्यात हात घालता येतो. नातेवाइकाला मी एवढेच म्हटले, "शेजाऱ्याचा हक्क हा दीनचाच भाग आहे ना?" तो चहा न घेता गेला.

सध्या अशी तडजोड झाली आहे. आठवड्यातले दोन दिवस सूनबाई अंगणवाडीत जाते, सेविकेला विचारून, बिनपगारी. नातू बरोबर. बाकीचे दिवस आमची ओटी. हे बरोबर की चूक, मला अजून नक्की सांगता येत नाही. फुकट राबणाऱ्या शिकलेल्या बाईवर कुठलीही व्यवस्था फार दिवस उभी राहू नये, असे माझे मत आहे आणि ते मी तिला बोलूनही दाखवले. तिने मलाच कामाला लावले.

गेल्या मंगळवारी मी अंगणवाडीत गेलो. सवयीने आधी हजेरीपट शोधला. मुले जमिनीवर बसून शिंपल्यांचे ढीग लावत होती. मी नातवाजवळ जाऊन बसलो. त्याने मान वर केली नाही. शेजारच्या मुलीचा ढीग नऊचा झाला होता, तो तिच्यासाठी दहावा शिंपला शोधत होता.