बाळे : उपनगराचे दैवत

सोलापूर–पुणे महामार्गावर, सोलापूर शहराच्या वायव्येला बाळे वसले आहे. येथे मध्य रेल्वेचे स्थानक आहे. एकेकाळचे हे स्वतंत्र गाव 1992 च्या हद्दवाढीत सोलापूर महापालिकेत आले. बाळ्याची ओळख मात्र खंडोबाच्या मंदिराशी जोडलेली आहे. मार्गशीर्षातील चंपाषष्ठीला येथे यात्रा भरते आणि भंडाऱ्याची उधळण होते.

गाव शहरात विरल्यावर त्याच्या दैवताचे काय होते, हा प्रश्न येथे उभा राहतो. परंपरेत ग्रामदैवत जागेशी, तर कुलदैवत कुळाशी बांधलेले असते. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धेश्वर. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी नगरात व भोवती 68 लिंगे स्थापिली, असे परंपरा मानते. संक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वज त्या लिंगांना भेट देतात. ही प्रदक्षिणा शहराची एक पवित्र सीमा आखते.

खंडोबाचे नाते वेगळे आहे. त्याच्या पत्नींपैकी म्हाळसा लिंगायत वाण्याची, तर बाणाई धनगराची लेक मानली जाते. अनेक जातींची कुळे त्याला आपले कुलदैवत मानतात. त्यामुळे स्थलांतरित कुटुंब जिथे जाईल तिथे तळी भरून त्याला सोबत ठेवते, आणि नव्या वसाहतीतला रहिवासीही बाळ्याच्या देवळात परका ठरत नाही.

महापालिकेची हद्द ठरावाने बदलते. श्रद्धेची हद्द आचरणाने टिकते. उपनगराला ओळख देण्यात म्हणूनच दैवताचा वाटा मोठा असतो.