भिंगावरचं झाकण

निवृत्त होणाऱ्या एका सहकाऱ्याला ऑफिसतर्फे भेट द्यायची होती. वर्गणी जमली, कार्डावर सगळ्यांच्या सह्या झाल्या आणि वस्तू निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. सहा वर्षं मी त्याच्या शेजारच्या टेबलावर बसत होतो. त्याला काय हवंय ते मलाच माहीत होतं. त्याला शिकारीच्या रायफलवर बसवलेल्या दुर्बिणीसाठी, म्हणजे स्कोपसाठी, झाकण हवं होतं.

आमचं घर माळकरी. आजीच्या गळ्यात तुळशीची माळ, आषाढी-कार्तिकीचे उपास, आणि अंडं घातलेला केकसुद्धा उंबऱ्याच्या आत यायचा नाही. त्या आजीचा नातू अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात रात्री अकरा वाजता अंथरुणात पडून बंदुकीच्या दुर्बिणीची झाकणं फोनवर बघत होता. वस्तू साधी. काम दहा मिनिटांत संपायला हवं होतं. मला चार रात्री लागल्या.

का लागल्या, ते सांगतो.

विस्कॉन्सिनमध्ये थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस बंदुकीनं हरणांची शिकार करायला परवानगी असते. पाच लाखांहून जास्त लोक त्यासाठी परवाना काढतात. आपल्याकडे गणपतीसाठी कोकणात जाणारे लोक जशा सुट्ट्या आधीच टाकून ठेवतात, तशाच इथे या आठवड्यात पडतात. सावज म्हणजे पांढऱ्या शेपटीचं हरीण. अंगावर भडक नारिंगी कपडे घालणं सक्तीचं. 2016 पासून भडक गुलाबीही चालतो. कारण झुडपामागे हलणारं तपकिरी काहीतरी हरीणच असेल असं नाही, माणूसही असू शकतो.

1972चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यानंतर भारतात जन्मलेल्या माझ्यासारख्याला शिकार म्हणजे एक तर संस्थानिकांचे जुने फोटो, नाही तर कोर्टाच्या बातम्या. इथे मात्र शिकारी म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेला माझा कागद काढून देणारा, मुलीच्या बारशाला आठवणीनं हातानं विणलेलं ब्लँकेट आणणारा माणूस होता. त्याला क्रूर म्हणून मोकळं होणं मला कधी जमलं नाही.

आता झाकणाकडे येऊ. हरणाच्या शिकारीला लोक सर्रास वापरतात तो स्कोप 3-9×40 या आकड्यांनी ओळखला जातो. म्हणजे समोरचं तीनपट ते नऊपट मोठं दिसणार, आणि पुढच्या भिंगाचा व्यास 40 मिलिमीटर. स्कोपच्या आत नायट्रोजन भरून तो बंद केलेला असतो, त्यामुळे आतून धुकं धरत नाही. बाहेरून मात्र सगळंच त्याच्या वाइटावर टपलेलं. पाऊस, बर्फ, धूळ, झाडाची काटकी. थंडीत गारठलेली रायफल गरम खोलीत आणली की भिंगावर दव साचतं. स्वतःचा श्वास मागच्या काचेवर पडला तरी धूसर होतं. आणि धूळ बसलेली काच बाहीनं पुसली, तर काचेवरच्या पातळ लेपावर ओरखडे.

म्हणून झाकण. त्याचे प्रकार मोजकेच. एक म्हणजे निओप्रीनचा मोजा, अख्ख्या स्कोपवर चढवायचा. प्रवासात उत्तम, पण ओला झाला आणि तसाच राहिला तर पाणी आतच धरून ठेवतो. दुसरा, दोन टोप्या आणि त्यांना जोडणारं इलास्टिक, ओढून काढायचं. तिसरा, स्प्रिंगची झाकणं. अंगठ्यानं कळ दाबली की टप्पकन उघडतात. यात पुढचं आणि मागचं माप वेगवेगळं लागतं, आणि 40 हा आकडा भिंगाचा असतो, बाहेरच्या धातूचा घेर त्याहून मोठा. हे न कळल्यामुळे कित्येक झाकणं परत पाठवली जातात. चौथा प्रकार घरगुती: ट्यूबचा रुंद पट्टा कापायचा आणि दोन्ही भिंगांवरून ताणून बसवायचा. माझ्या सहकाऱ्याकडे हाच होता. पंक्चरवाल्याच्या दुकानात लटकतात तशाच रबराचा. आता त्याला चिरा पडल्या होत्या, आणि संधिवातानं आखडलेल्या त्याच्या बोटांना तो ताणवतही नव्हता.

इथवर सगळं सरळ आहे. अडलो तो पुढच्या प्रश्नाशी. झाकण पारदर्शक घ्यायचं की अपारदर्शक?

पारदर्शक झाकणाच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं मूर्खपणाचं नाही. पहाटेपासून गारठत बसल्यावर हरीण येतं आणि तीन-चार सेकंदांत झाडीत दिसेनासं होतं. तेवढ्यात झाकण काढायचं, तेही आवाज न करता, हे अवघड. काच झाकलेलीच राहिली आणि तिच्यातून दिसतही राहिलं, तर संधी हुकत नाही. तोटा एवढाच की झाकणाच्या प्लास्टिकमुळे दृश्य जरासं मळकं होतं. संध्याकाळच्या उजेडात जरा जास्तच.

जरासं मळकं. त्या दोन शब्दांपाशी मी अडकलो, कारण मला त्याची एक गोष्ट माहीत होती.

दोन वर्षांपूर्वी एकदा मी त्याच्याबरोबर गेलो होतो. हातात बंदूक नाही, अंगात उसनं नारिंगी जाकीट, थर्मासमध्ये चहा. झाडाला लावलेल्या लाकडी मचाणावर आम्ही दिवसभर बसलो. एकही गोळी झाडली गेली नाही. दुपारी लांब काहीतरी हललं, तेव्हा मी म्हणालो, "स्कोपमधून बघ ना काय आहे." त्यानं मान हलवली आणि गळ्यातली साधी दुर्बीण डोळ्यांना लावली. मग मला हळू आवाजात सांगितलं, "स्कोप बघण्यासाठी नसतो. ज्याच्याकडे स्कोपमधून बघशील, त्याच्यावर बंदूक रोखलेली असते. काय आहे ते आधी ठरव, मग बंदूक उचल."

संध्याकाळी परतताना त्यानं ती गोष्ट सांगितली. तेव्हा तो पंचविशीत होता. दिवसभर भुरभुर पाऊस. स्कोपवर पारदर्शक झाकण, त्यावर पाण्याचे थेंब. हरीण दिसलं, म्हणजे हरणाचा आकार दिसला. झाकण काढायला वेळ नव्हता, निदान तेव्हा त्याला तसं वाटलं. गोळी लागली, पण जिथे लागायला हवी तिथे नाही. रक्ताचा माग काढत तो रात्री दहापर्यंत टॉर्च घेऊन फिरला, पावसात माग धुऊन गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. हरीण सापडलं नाही. "ते किती वेळ जिवंत असेल, कोण जाणे," एवढंच म्हणाला. त्यानंतर पुढची जवळजवळ चाळीस वर्षं त्यानं ट्यूबचा काळा पट्टाच वापरला. त्यातून काहीच दिसत नाही. बघायचं तर तो काढावाच लागतो.

ही गोष्ट ऐकताना मला दशरथ आठवला. आपण लहानपणी श्रावणबाळाची गोष्ट ऐकतो ती आईबापांच्या सेवेची म्हणून. तिची दुसरी बाजू शिकाऱ्याची आहे. दशरथ शब्दवेधी होता. आवाजाच्या रोखानं बाण मारायची विद्या त्याला येत होती, आणि त्या विद्येचा त्याला अभिमान होता. शरयूच्या काठी अंधारात बुडबुड आवाज आला, हत्ती पाणी पितोय असं वाटलं, बाण सुटला. नेम अचूक होता. चूक नेमाची नव्हतीच. न बघता मारता येतं म्हणून मारलं, ही चूक होती.

आजवर मला वाटायचं, शिकारीचा नैतिक प्रश्न एकच: मारावं की मारू नये. आजीपुरता तो तिथेच संपतो आणि तिचं उत्तर मला आजही खोडता येत नाही. पण "मारू नये" एवढं म्हणून थांबलं, की मारणाऱ्यांमधला फरक दिसेनासा होतो. चाळीस वर्षं स्वतःहून आंधळा पट्टा बांधून ठेवणारा आणि मळक्या प्लास्टिकमधून चाप ओढणारा, दोघे आपल्या लेखी सारखेच. ते सारखे नाहीत. ज्याचा जीव घ्यायचा त्याच्याकडे नीट बघणं हे पुण्य नाही, पण ते त्या जिवाचं किमान देणं आहे. ते टाळून केलेली प्रत्येक कृती, मग ती कितीही कौशल्याची असो, दशरथाच्या जातीची.

विस्कॉन्सिनच्या विद्यापीठात शिकवणारा आल्डो लिओपोल्ड स्वतः शिकारी होता. 1949मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर वर्षभरानं, त्याचं 'अ सँड काउंटी अल्मनॅक' प्रसिद्ध झालं. त्यात त्यानं दोन गोष्टी मांडल्या आहेत. पहिली: शिकाऱ्याला प्रेक्षक नसतात. टाळ्या वाजवायला किंवा नावं ठेवायला रानात कुणी नसतं, म्हणून त्याचा न्याय त्याच्या स्वतःच्या सदसद्विवेकाकडे. दुसरी: शिकारीच्या वस्तू विकणाऱ्यांनी माणसाला इतक्या साधनांनी लादून टाकलंय, की त्याचं स्वतःचं कसब आणि संयम मागे पडतो. चार रात्री जाहिराती वाचताना मला ही दुसरी गोष्ट पटत गेली. प्रत्येक झाकण वेग विकत होतं. लवकर उघडणारं, न उघडताच चालणारं, संधी न हुकवणारं. थांबा, नीट बघा, हुकली तर हुकू दे, असं सांगणारं एकही नव्हतं.

आणि मी? मी तर बंदूक दिली नव्हती, गोळी दिली नव्हती. फक्त झाकण. पण पातंजल योगसूत्रांत हिंसा तीन प्रकारची सांगितली आहे: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि जिला मान डोलावली ती. जैन परंपराही हेच तीन प्रकार मोजते. मी तिसऱ्यात बसतो का? मला वाटतं, बसतो. हे कबूल करताना स्वयंपाकघरात फ्रिजचा आवाज येत होता. आत सुपरमार्केटमधलं चिकन होतं. हो, आजीच्या माघारी मी खायला लागलो. पांढरा ट्रे, वर ताणून बसवलेलं पारदर्शक प्लास्टिक. ते कुठे वाढलं, कसं मेलं, कुणी मारलं, यातलं काही मला ठाऊक नव्हतं आणि मी कधी विचारलंही नव्हतं. तेही पारदर्शक झाकणच. आतलं सगळं दिसतं, असं वाटत राहतं.

माझ्या सहकाऱ्यानं चाळीस वर्षांत मारलेली हरणं त्याला मोजता येतात. न सापडलेलं एकही तो विसरलेला नाही. मला माझी कोंबडी मोजता येणार नाही. मग एखाद्या जिवाबद्दल कोण जास्त बेफिकीर? मी त्याच्याकडे संशयानं बघत होतो ती सहा वर्षं मला जरा लाज वाटायला लावणारी ठरली.

पाचव्या दिवशी मी त्याच्या बायकोला मेसेज केला. तिनं रायफलचा स्कोप व्हर्निअर कॅलिपरनं मोजून पुढच्या-मागच्या घेराची मापं पाठवली, अकरावीच्या प्रॅक्टिकलसारखी, दशांशासकट. मी स्प्रिंगची झाकणं मागवली, दोन्ही अपारदर्शक. ट्यूब ओढायला त्याच्या बोटांत ताकद नव्हती, कळ दाबणं जमलं असतं. त्याहून जास्त वेग मी विकत घेतला नाही.

निरोपाच्या दिवशी त्यानं खोका उघडला, कळ दाबली. टप्प. शांत रानात हा आवाज लांबवर जाणार, हे मला तेव्हा कळलं. मी ओशाळून म्हणालो, "आवाज होतो रे. हरीण पळून जाईल."

त्यानं झाकण बंद केलं, परत उघडलं. "जाऊ दे," म्हणाला. "तेवढी सवलत त्याला हवीच."

डिसेंबरमध्ये त्यानं घरी एक पुडकं आणून दिलं. खाटीक वापरतात तसला जाड पांढरा कागद, त्यावर त्याच्या वाकड्या अक्षरात तारीख, जागा, वेळ. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. मी ते फ्रीजरमध्ये ठेवलं, ट्रेमधल्या चिकनच्या शेजारी. तिथे ते अजून आहे. ते शिजवायचं की नाही, हे माझं ठरलेलं नाही. पण त्यानंतर तो ट्रे उचलताना माझा हात दरवेळी क्षणभर थांबतो. त्यावर तारीख असते, वजन असतं, किंमत असते. कुणी बघितलं होतं, हे कुठेही लिहिलेलं नसतं.